मदत हवी आहे: जुना एक्स-१० कंट्रोलर (सीएम११ए), नवा लॅपटॉप आणि दिसून गायब होणारा पोर्ट

मंडळी, एडिसनला (न्यू जर्सी) जुनं घर घेतलंय. आधीच्या मालकाने घरभर एक्स-१० (दिवे, उपकरणं दुरून चालू-बंद करायची जुनी यंत्रणा) बसवून ठेवलंय. पोर्च, हॉल, बेसमेंट, जिकडे तिकडे प्लगमध्ये खोचलेली मॉड्यूल्स. प्रत्येकावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या दोन चकत्या, एक ए ते पी आणि दुसरी १ ते १६, दोन्ही मिळून त्या मॉड्यूलचा पत्ता. वेगळं वायरिंग नाही, घरातल्या विजेच्या तारांतूनच सिग्नल जातो. या सगळ्याचा म्होरक्या सीएम११ए. तो एका जुनाट डेस्कटॉपच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेला होता. परवाच्या वादळात वीज गेली आणि डेस्कटॉपने मान टाकली.

आता लॅपटॉप आहे, उबुंटू २२.०४ (लिनक्स) वाला. त्याला सिरीयल पोर्ट नाही म्हणून यूएसबी-सिरीयल अडॅप्टर आणला, आत सीएच३४० चिप. लावला की कर्नलच्या लॉगमध्ये 'टीटीवाययूएसबी०' (अडॅप्टरच्या पोर्टचं नाव) उमटतं आणि लगेच पुढच्या ओळीत 'डिसकनेक्टेड'. तोच अडॅप्टर मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर लावला, पिन २ आणि ३ यू-पिनने जोडल्या, तर टाइप केलेलं अक्षर न् अक्षर परत आलं. म्हणजे अडॅप्टर ठणठणीत असावा.

मग घोळ कुठे? वेग ४८००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हे माहीत आहे. 'वायफायचे बल्ब घे आणि मोकळा हो' हा सल्ला घरातून रोज मिळतो, तेवढा सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद: अर्धवट_इंजिनियर

लॉगमध्ये त्या दोन ओळींच्या आसपास 'बीआरएलटीटीवाय' दिसतंय का बघा. दृष्टिहीनांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेची ती सेवा आहे. काही ब्रेल डिस्प्लेंचा यूएसबी आयडी आणि तुमच्या चिपचा आयडी एकच (१ए८६:७५२३), त्यामुळे २२.०४ ला वाटतं ब्रेल डिस्प्ले आला आणि ती सेवा पोर्ट बळकावून बसते. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज सरळ काढून टाका. मग स्वतःला 'डायलआउट' (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर पोर्ट दिसेल पण 'परमिशन डिनाइड' म्हणेल.

केबलही तपासा. टोकाला फोनसारखा आरजे११ दिसतो म्हणून फोनची वायर चालत नाही. आरजे११ ची १ नऊ-पिनीच्या २ ला, ३ ही ३ ला, ४ ही ५ ला (ग्राउंड) आणि २ ही ९ ला. ही ९ नंबरची झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवण्यापुरती आहे, ती तुटली असली तरी डेटा जातो. मल्टिमीटर बीपवर लावून बघा.

धागाकर्ता

जमलं! पॅकेज काढल्यावर पोर्ट जागचा हलत नाही. केबलच्या चारही तारा बीप देतात. पण आता वेगळंच. टर्मिनल हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अक्षरांत दाखवणारं) उघडलं तर दर सेकंदाला ए५, ए५, ए५... मी काहीही पाठवलं तरी ढिम्म, पुन्हा ए५. कंट्रोलर गेला का?

प्रतिसाद: जुनं_ते_सोनं

गेला कसला, चांगला बोलतोय की! वेग चुकला असता तर वेडावाकडा कचरा आला असता. तोच बाइट नेमाने येतोय म्हणजे वेग बरोबर आणि कंट्रोलरकडून येणारी तार शाबूत. ए५ म्हणजे 'माझी वीज गेली होती, किती वाजले ते सांगा'. उत्तरात आधी ९बी आणि मागोमाग तारीख-वेळेचे सहा बाइट लागतात. हे हाताने टाइप करत बसू नका, 'हेयू' नावाचा प्रोग्रॅम टाका, तो हे उत्तर आपणहून देतो.

वीज गेली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून आत दोन ट्रिपल-ए सेल असतात. ते गळले असणार. झाकण उघडून बघा, पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर पुसून नवे घाला. आणि कंट्रोलर यूपीएसला किंवा सर्ज वाल्या पट्टीला लावलेला असेल तर काढून थेट भिंतीत खोचा. एक्स-१० चा सिग्नल १२० किलोहर्ट्झचा, पट्टीतला फिल्टर तो गिळून टाकतो. मग लोक महिनोन् महिने पोर्टला दोष देत बसतात.

धागाकर्ता

सेल अक्षरशः फुगले होते. हेयू टाकल्याबरोबर ए५ थांबलं, 'हेयू ऑन ए१' म्हटलं आणि पोर्चचा दिवा लागला!! दोघांचेही आभार. आता बेसमेंटचं एकही मॉड्यूल ऐकत नाही. त्यातलंच एक वर आणून लावलं तर चालतं. हाही पोर्टचाच घोळ का?

प्रतिसाद: जुनं_ते_सोनं

नाही, पोर्टचं काम संपलं. अमेरिकेत घरात १२० व्होल्टचे दोन लेग (विजेच्या दोन वेगळ्या तारा) येतात. तुमचा कंट्रोलर एकावर आणि बेसमेंट दुसऱ्यावर असणार. कपड्यांचा इलेक्ट्रिक ड्रायर असेल (गॅसवाला नको) तर तो गरम हवेवर चालू करा आणि तो चालू असतानाच बेसमेंटला हुकूम सोडा. ड्रायर २४० वर, म्हणजे दोन्ही लेगवर चालतो, सिग्नल त्याच्यातून पलीकडे जातो. तेव्हाच दिवा लागला तर पॅनेलपाशी फेज कपलर (सिग्नल एका लेगवरून दुसऱ्यावर नेणारं उपकरण) बसवून घ्या, पण ते इलेक्ट्रिशियनकडूनच.