उत्तर ध्रुवाच्या बर्फाचा २०१२चा नीचांक अजून का मोडला नाही?

तिरकस_नाशिककर (धागाकर्ता)

आर्क्टिकचा बर्फ संपत आला, दहाएक वर्षांत उत्तर ध्रुव उन्हाळ्यात मोकळा होणार, हे मी माझी पोरगी शाळेत होती तेव्हापासून ऐकतोय. आता ती स्वतः शाळेत शिकवते. ध्रुव काही मोकळा झाला नाही.

आकडे बघू. तिथला समुद्री बर्फ सप्टेंबरात, उन्हाळ्याच्या शेवटी, वर्षातला सगळ्यात कमी असतो. २०१२ साली तो ३३.९ लाख चौरस किलोमीटरवर आला, म्हणजे साधारण आपल्या देशाएवढा. तोच आजवरचा नीचांक. २०२०ला तो ३८ लाखांच्या आसपास होता, २०२४ला ४२.८ लाख आणि २०२५ला ४६ लाख. तेरा वर्षं झाली, विक्रम जागचा हललेला नाही. २००९ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर सांगून गेले होते, की काही संगणकी प्रारूपांनुसार पाच ते सात वर्षांत उन्हाळ्याचे काही महिने हा सगळा बर्फ नाहीसा होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. २०१६ आलं आणि गेलं.

तापमानवाढ मी नाकारत नाही, त्यामुळे लगेच अंगावर येऊ नका. माझा आक्षेप बोंब मारण्याला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये निफाड पट्ट्यात गारपीट झाली, तेव्हा आमच्या गटात एकाने थेट उत्तर ध्रुवावर बिल फाडलं. नाशकात गार पडली की आर्क्टिक, ऊन पडलं की आर्क्टिक. असं कसं चालेल?

मीठमोजणी

प्रश्न रास्त आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे.

२०१२ हे वर्ष तुम्ही निवडलंत, कारण ते सगळ्यात खोल आहे. त्या ऑगस्टमध्ये आर्क्टिकवर एक जबरदस्त वादळ आलं होतं, त्याने आधीच पातळ झालेला बर्फ मोडून विखुरला. अशा वर्षाला मापदंड धरलं की पुढचं प्रत्येक वर्ष सुधारणाच वाटणार. १९८१ ते २०१० या काळातली सप्टेंबरच्या नीचांकाची सरासरी ६२.२ लाख आहे. तुमच्या 'सुधारलेल्या' २०२५चा आकडा त्याहून १६ लाखांनी कमी, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ गायब. आणि उपग्रहांच्या नोंदीतली सगळ्यात कमी बर्फाची १९ वर्षं काढा. ती २००७ ते २०२५ हीच आहेत, सलग. त्यात एकही जुनं वर्ष घुसलेलं नाही.

त्याच २०२५चा मार्चही तुम्ही गाळलात. हिवाळ्याअखेर बर्फ सर्वाधिक असतो तेव्हा तो १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर भरला. उपग्रहांची मोजणी सुरू झाल्यापासून तोवरचा हा सर्वात कमी हिवाळी विस्तार.

तिरकस_नाशिककर

मार्चमधली घट टक्क्यांत सांगा ना, फार किरकोळ आहे. आणि १९ वर्षं खाली आहेत हे खरं, पण ती खाली *जात* आहेत का? माझा प्रश्न तो होता. २०२५मध्येच एक अभ्यास आला आहे की गेल्या वीस वर्षांत सप्टेंबरच्या बर्फात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी घट झालेली नाही. हे मी नाही, शास्त्रज्ञ म्हणतायत.

मीठमोजणी

तो अभ्यास मीही वाचलाय. त्यातली दुसरी अर्धी गोष्ट अशी, की असे थांबे हवामानाच्या प्रारूपांतही अधूनमधून दिसतात. समुद्राचे आणि वाऱ्याचे नैसर्गिक हेलकावे काही काळ तापमानवाढीच्या उलट जोर लावतात आणि घट मंदावते. हेलकावा फिरला की तीच घट नेहमीपेक्षा वेगाने होऊ शकते, असंही त्या संशोधकांनी लिहिलंय. तुम्ही पहिल्या परिच्छेदावर थांबलात.

दुसरं म्हणजे, आपण दोघंही विस्तारावर भांडतोय, आणि विस्तार हे भोंगळ माप आहे. समुद्राचे साधारण २५ किलोमीटरचे चौकोन पाडतात. चौकोनात १५ टक्के बर्फ असला तरी तो अख्खा चौकोन बर्फाचा धरतात. जाडी किती, हे त्यात येतच नाही. गंगापूर धरणाचा वरून काढलेला फोटो पाहून साठा सांगण्यासारखं आहे हे. पाणी काठाला टेकलेलं दिसतं, तळाशी गाळ किती ते दिसत नाही. १९८५च्या मार्चमध्ये चार वर्षांहून जुना, जाडजूड बर्फ एकूण बर्फाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. आता तो पाच टक्क्यांच्याही आत आहे. उरलेला बहुतेक यंदा गोठला आणि पुढच्या उन्हाळ्यात गेला, असा.

शून्याखाली

दोघंही उत्तरेतच अडकलात. दक्षिणेकडे या, तिथे जास्त गंमत आहे, आणि दोन्ही बाजूंची पंचाईतही.

आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र, अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. त्यामुळे दोन्हीकडचा बर्फ एका तालात चालत नाही. २०१४च्या सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. विक्रमी वाढ! तेव्हा तिरकसरावांसारखे लोक तो आलेख फ्रेम करून फिरत होते. २०१६च्या अखेरीस तो एकदम कोसळला. २०२३च्या फेब्रुवारीत १७.९ लाखांवर आला, आणि त्याच वर्षी ऐन हिवाळ्यात १ कोटी ७० लाखांपर्यंतही धड पोचला नाही. दोन्ही नीचांक एकाच वर्षी. वाढत होता तेव्हा का वाढला आणि पडला तेव्हा का पडला, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. खालून येणाऱ्या कोमट पाण्याकडे बोट दाखवतात, पण भांडण मिटलेलं नाही.

परिणाम मात्र दिसतोय. २०२२मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या किनाऱ्यावर एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत त्या हंगामाची पिल्लं वाचली नाहीत. अंगावर पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आतच पायाखालचा बर्फ फुटला होता.

तिरकस_नाशिककर

म्हणजे वाढला तरी तापमानवाढ, घटला तरी तापमानवाढ. छान आहे!

शून्याखाली

मी तसं म्हटलंच नाही. एकमत नाही असं लिहिलंय, परत वाचा.

पंचवटीची_काकू

वाद चालू द्या, मला एवढंच सांगा. हा बर्फ वितळला की समुद्र वाढणार, मुंबई बुडणार आणि सगळे नाशकात येणार, असं आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सांगत असतात. त्यांचा जमिनींचा व्यवसाय आहे. खरं किती?

मीठमोजणी

काकू, त्यांना सांगा की माल चुकीच्या बर्फावर विकताय. समुद्री बर्फ तरंगता असतो. आपल्या वजनाएवढं पाणी त्याने आधीच बाजूला सारलेलं असतं. तो वितळल्याने समुद्राच्या पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ उतरल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. एकट्या ग्रीनलँडवर सात मीटरहून जास्त पातळी वाढेल इतका बर्फ आहे, पण तो सगळा वितळायला शतकं लागतील.

समुद्री बर्फाचं काम वेगळं आहे. वर हिम असलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, तर उघडा समुद्र ९० टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. बर्फ गेला की पाणी तापतं, पाणी तापलं की आणखी बर्फ जातो. १९७९पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पंचवटीची_काकू

आणि पूर? १९ सप्टेंबर २००८ला गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं, ते मी बघितलंय. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ला, तिकडे बर्फ फार कमी झाला होता ना?

तिरकस_नाशिककर

हे बघा! मी हेच म्हणत होतो.

मीठमोजणी

इथे मी तिरकसरावांच्या बाजूने. एक पूर आणि एक नीचांक शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. त्या न्यायाने २०१२ नंतर काय व्हायला हवं होतं?

पण विषय अगदीच हवेतला नाही. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या संशोधकांचा २०२१चा एक अभ्यास आहे. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ घटला की वरच्या हवेत लाटा उठतात, त्या आशियापर्यंत येतात आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर सप्टेंबरमध्ये, पावसाळा सरता सरता, भारतात अतिवृष्टीला हातभार लागतो, अशी त्यांची मांडणी आहे. त्यांनी स्वतः 'संभाव्य संबंध' एवढंच म्हटलंय. आपणही तेवढंच म्हणावं.

डावणीग्रस्त

मी दिंडोरीकडचा, द्राक्ष आहे. मीठमोजणी सरांचं सगळं वाचलं. सप्टेंबरचा पाऊस लांबला तर आमचं काय होतं ते सांगतो. ऑक्टोबर छाटणी पुढे ढकलावी लागते, नाहीतर कोवळ्या फुटीवर डावणी रोग येतो आणि नवी फूट निघते त्या पोंगा अवस्थेपासून फवाऱ्यावर फवारे. म्हणून माझा सरळ प्रश्न: या कारा समुद्राच्या आकड्यावरून छाटणीची तारीख धरता येईल का?

आणि एक ऐकलंय की बर्फ वितळल्याने उत्तरेतून जहाजांचा रस्ता उघडणार. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेले, दोन आठवडे जादा. मग हा नवा रस्ता आम्हाला बरा नाही का?

तिरकस_नाशिककर

रस्ता नवा कुठला? अमुंडसेन १९०६लाच कॅनडाकडचा वायव्य मार्ग जहाजाने पार करून मोकळा झाला होता. तेव्हा कोणती तापमानवाढ होती?

शून्याखाली

१९०३ला निघाले आणि १९०६ला पोचले हे सांगायचं राहिलं वाटतं! छोटंसं जहाज, आणि हिवाळ्यामागून हिवाळा बर्फात अडकून. २०१६ला त्याच मार्गाने हजारेक प्रवाशांचं आलिशान जहाज महिनाभरात अलास्काहून न्यूयॉर्कला गेलं.

डावणीग्रस्त भाऊ, तुमच्या मालाला त्याचा उपयोग नाही. रशियाकडचा उत्तर मार्ग चीन-जपानहून युरोपला जाणाऱ्यांना जवळचा. न्हावाशेव्याहून निघालेल्या जहाजाने आधी जपानपर्यंत वर चढायचं? शिवाय तुमचं द्राक्ष निघतं जानेवारी ते एप्रिल. तेव्हा तिथे बर्फ वर्षातला सर्वाधिक असतो.

मीठमोजणी

छाटणीचं उत्तर: नाही. आज तरी नाही. मोसमावर प्रशांत महासागराचा, हिंद महासागराचा प्रभाव कितीतरी मोठा आहे, त्या गलक्यात आर्क्टिकचा आवाज बारीक आहे. कुणी त्यावरून तारीख सांगत असेल तर पैसे देऊ नका.

तिरकस_नाशिककर

मग आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८पासून 'हिमाद्री' संशोधन केंद्र चालवून आपण मिळवलं काय? शेतकऱ्याला तारीख सांगता येत नाही म्हणता.

शून्याखाली

आवाज बारीक आहे की मोठा, हे ठरवायलाच मोजावं लागतं. २०१४पासून तिथल्या खाडीत आपलं 'इंडआर्क' हे मोजणी यंत्र पाण्याखाली तापमान आणि क्षारता नोंदतंय. अशा नोंदी तीस-चाळीस वर्षं लागतात, तेव्हा कुठे हेलकावा कोणता आणि उतार कोणता ते वेगळं करता येतं. तुमच्या धाग्याचा प्रश्नच तो आहे, आणि त्याचं उत्तर फुकट हवंय.

डावणीग्रस्त

मोजणीवरून बोलू का? हजारो किलोमीटरवरचा बर्फ २५ किलोमीटरच्या चौकोनात रोज मोजतात म्हणता. इथे पीक विम्याला आमच्या मंडळातल्या एका हवामान केंद्राची नोंद धरतात. केंद्र एका गावात, बाग दुसऱ्या. केंद्रावर पाऊस पडला नाही तर माझ्या बागेत पडलेला पाऊस कागदावर पडलेलाच नसतो. तिरकसराव, तुम्हाला बोंब मारायचीच असेल तर यावर मारा, मी सोबत येतो.

तिरकस_नाशिककर

यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत, वेगळा धागा काढा.

मूळ मुद्द्यावर मी हटलेलो नाही. पण एका वर्षावर बोलू नये हे ठीक आहे, मग हे घ्या. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांच्या नीचांकांची सरासरी ४५ लाखांच्या आसपास येते. २०२६ ते २०३०ची सरासरी त्याच्या खाली गेली तर इथेच येऊन 'घट चालू आहे' असं लिहीन. वर राहिली तर मीठमोजणी लिहितील.

मीठमोजणी

पाच वर्षंही कमीच आहेत. हेलकावा दहा-वीस वर्षांचा असू शकतो, हे वर लिहिलंय. आणि हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालातही अंदाज असा आहे की २०५०पूर्वी किमान एकदा सप्टेंबरचा बर्फ १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाईल. त्यालाच ते बर्फमुक्त म्हणतात. २०३०चं कुणी वचन दिलेलं नाही. तरी पैज लावायचीच तर सप्टेंबरसोबत मार्चची सरासरी आणि बर्फाचं घनफळ, दोन्ही धरा. तिन्हींपैकी दोन खाली गेले तर तुम्ही लिहायचं.

तिरकस_नाशिककर

घनफळ नको, ते बरंचसं प्रारूपातून काढलेलं असतं. मार्चचं बघू.

शून्याखाली

जाडी मोजायला लेझर आणि रडारचे उपग्रह आहेत आता. सगळंच प्रारूपातलं नसतं.

तिरकस_नाशिककर

बरं, मग त्या उपग्रहांचीच जाडी धरा, प्रारूपाची नको. आणि मार्चसाठीही पाच वर्षांचीच सरासरी, एकट्या २०२५चा आकडा नाही चालणार.