मदत हवी आहे: पर्वरीत उड्डाणपुलाचं काम, घराच्या भिंतीला तडे
मंडळी, आम्ही गोव्यात पर्वरीला हायवेला लागूनच राहतो, तो ५.१५ किमीचा सहा पदरी उड्डाणपूल चाललाय ना एनएच ६६ वर, त्याच्या अगदी तोंडावर. धुळीचं सोडा, ती आता जेवणातच धरलीय. पण घर जुनं, चिऱ्याचं, मोठं मशीन चालू झालं की कपाटातली भांडी वाजतात आणि सासूबाईंच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय, तो वाढतोय असं वाटतं. साईटवर विचारलं तर म्हणे घर जुनंच आहे, तडे आधीचेच असणार! कामाआधीचे फोटो नाहीत आमच्याकडे.

कोणीतरी सांगितलं तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहायची, हललं की काच फुटते. कोणी केलंय का? स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट आधी घ्यावा की पंचायतीत अर्ज?

दुसरं, रात्रीचा आवाज. नियमात रहिवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, १० डेसिबलने जास्त गेलं की तक्रार करता येते, पण मोबाईल ॲपचं रीडिंग कोणी मानतं का? म्हापशात मामलेदाराकडे जावं की थेट पणजीत कलेक्टरकडे? अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज, 'घर विका' सोडून.