मदत हवी आहे : जुन्या घरावर खोली वाढवण्यासाठी बांधकाम परवानगी

सोलापुरातील शुक्रवार पेठेत असलेल्या आमच्या जुन्या घरावर एक खोली वाढवण्यासाठी महानगरपालिकेकडे बांधकाम परवानगीचा अर्ज करायचा आहे. गिलावा, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार परवानगी लागत नाही. वाढीव बांधकामाला मात्र नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. अडचण अशी की मालमत्ता पत्रकावर अजून दिवंगत वडिलांचेच नाव आहे (घरपट्टी मात्र आईच्या नावे येते, आणि ती मालकीचा पुरावा ठरत नाही). अशा स्थितीत नगर भूमापन कार्यालयातील वारस नोंद पूर्ण होईपर्यंत थांबावे, की सर्व वारसांच्या नोटरी केलेल्या संमतिपत्रावर अर्ज स्वीकारला जातो? शिवाय, भिंतींवरच भार असलेल्या अशा घरासाठी संरचना अभियंत्याचा दाखला अर्जासोबतच जोडावा लागतो का? पेठेतील ज्यांनी अलीकडे परवानगी घेतली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.