मदत हवी आहे: स्पर्म व्हेल आणि बहिरी ससाणा, तुलना नक्की कशाची करू?

नमस्कार मंडळी,

सूर मारून शिकार करणाऱ्या प्राण्यांवर भित्तीपत्रक करतोय. स्पर्म व्हेल आणि बहिरी ससाणा शेजारी ठेवायचं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली. वजनाचा रकाना तर हास्यास्पद दिसतोय: मोठा नर व्हेल ४० टनांच्या घरात, ससाणा जेमतेम किलोभर.

सूर तरी समान असेल असं वाटलं होतं. पण ससाणा उंचावरून पंख मिटून कोसळतो, ताशी ३०० किमीच्या वर, आणि काही सेकंदांत निकाल लागतो. पायाच्या तडाख्याने पाखरू हवेतच गारद होतं. त्यातूनही जीव उरला, तर चोचीच्या कडेवरच्या दातासारख्या टोकाने तो मानेचा मणका तोडतो.

व्हेल मात्र माणसाच्या चालीच्या वेगाने खाली जातो. किलोमीटरभर खोल, कधी तासभर श्वास रोखून. मिट्ट काळोखात क्लिक आवाज सोडतो आणि म्हाकुळावर आपटून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. भक्ष्य टप्प्यात आलं की क्लिक इतके भराभर येतात की गंजलेल्या बिजागरीची करकर वाटावी.

म्हणजे ससाण्याचा सूर हेच हत्यार, आणि व्हेलचा सूर म्हणजे नुसती कामावर जायची वाट! मग नजर विरुद्ध कान अशी मांडणी करावी का? शिवाय ससाण्यात मादी मोठी, स्पर्म व्हेलमध्ये नर मादीच्या जवळपास तिप्पट वजनाचा. हे उलटं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
नजर-कान ठेवाच, पण त्याआधी "सुराची किंमत" असा रकाना घाला. ससाण्याला वेग गुरुत्वाकर्षण देतं; त्याची मेहनत आधी उंची गाठण्यात जाते. व्हेलचा हिशेब ऑक्सिजनचा. तो बराचसा स्नायूंतल्या मायोग्लोबिन या गडद लाल प्रथिनात साठवलेला असतो, म्हणून तर त्याचं मांस काळपट दिसतं. साठा संपत आला की शिकार मिळो न मिळो, वर यावंच लागतं.

नर-मादीचं म्हणाल तर व्हेलचे नर माद्यांसाठी एकमेकांशी झुंजतात, तिथे आकार कामी येतो. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तो रकाना प्रश्नचिन्हासकट छापा, बिनधास्त.