पाझर तलाव 'पाणथळ' धरायचा की नाही? गाळ, भराव आणि पाथवे: परवानगी कुणाकडे?

दक्षिण_तालुका

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यातला गावचा पाझर तलाव, बहात्तरच्या दुष्काळी कामातला. तुडुंब भरला की साडेचार हेक्टरच्या आसपास पाणी पसरतं, एप्रिल सरता सरता तळ उघडा पडतो. सध्या तीन कामं एकदम आली आहेत. गाळ काढून शेतकऱ्यांना द्यायचा आहे. एका निधीतून काठानं सिमेंटचा पाथवे आणि संरक्षक भिंत प्रस्तावित आहे. आणि पश्चिमेला रस्त्यालगतच्या दोन गटांत प्लॉटिंगसाठी पाडकामाचा राडारोडा टाकून भराव चालू आहे, तो आता पाण्याच्या जागेत उतरलाय.

एका कार्यालयात सांगतात, हे पाणथळ आहे, पर्यावरणची परवानगी आणा. दुसरीकडे म्हणतात, माणसानं बांधलेला तलाव आहे, पाणथळचा नियमच लागू नाही. तिसरीकडे तलाव 'आमच्या यादीत नाही'. नियम वाचला तर प्रत्येकाचं थोडं थोडं खरं वाटतं. अर्ज आधी कुठं द्यायचा आणि भराव कुणाच्या सहीनं थांबतो?

सातबारा_वाचक

दादा, कार्यालयांच्या फेऱ्या घालण्याआधी दोन कागद हातात घ्या: तलावाच्या कामाची मूळ प्रशासकीय मान्यता आणि भूसंपादनाचा निवाडा. पुढचं सगळं या दोन कागदांवर उभं राहतं.

पहिला कागद कशासाठी ते सांगतो. २६ सप्टेंबर २०१७ च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांची व्याख्या बरीच मोठी आहे. नैसर्गिक की मानवनिर्मित, बारमाही की हंगामी, काही फरक पडत नाही. पण त्यातून नदीपात्रं, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेली कामं वगळली आहेत. आधीच्या २०१० च्या नियमांत जलाशय आणि तलाव आत होते. सगळा घोळ या बदलातून आलाय. 'मानवनिर्मित आहे म्हणून लागू नाही' हे वाक्य सरसकट चुकीचं आहे. प्रश्न आहे तो कशासाठी बांधला याचा.

तुमचा तलाव नेमका सीमेवर बसतो. पाझर तलावाला कालवा नसतो, विमोचक (पाणी बाहेर सोडायचं दार) नसतो. पाणी मुरवायचं आणि खालच्या विहिरींना ओल द्यायची, एवढंच त्याचं काम. कुणी म्हणेल हेही सिंचनच. माझ्या मते मान्यतेत 'पाझर तलाव' किंवा 'टंचाई निवारण' एवढंच लिहिलेलं असेल, तर सिंचनाची सूट आपोआप मिळाली असं धरू नये. पण हा निर्णय टेबलावरच्या लिपिकानं तोंडी द्यायचा नाही. तो राज्य पाणथळ प्राधिकरणाकडून यायला हवा, आणि तिकडे जायचा रस्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा पाणथळ समितीतून आहे.

तिसऱ्या कार्यालयाची 'यादी' म्हणजे नेमकी कोणती, हेही विचारा, कारण याद्या दोन आहेत. एक अधिसूचित पाणथळांची: नियम पूर्ण अंगानं लागू होतात ते रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांना) आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या पाणथळांना. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही रामसर स्थळं आहेत, आपल्या जिल्ह्यात एकही नाही. दुसरी यादी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानं उपग्रहावरून केलेल्या ॲटलासची. सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळांना २०१० च्या नियमांतल्या नियम ४ च्या (पाणथळात काय करायला मनाई आहे, तो नियम) तत्त्वांचं संरक्षण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी २०१७ चा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं अशा जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला सांगितलं. साडेचार हेक्टरचा तलाव दुसऱ्या यादीत असण्याची शक्यता भरपूर. अधिसूचना नाही म्हणून मोकळं रान, असं होत नाही.

आता निवाडा. दुष्काळी कामांतल्या तलावांचं हमखास दुखणं असं: जमीन संपादित झाली, मोबदलाही दिला गेला, पण कमी-जास्त पत्रक (संपादनानंतर क्षेत्रातला बदल भूमी अभिलेखात नोंदवणारा कागद) झालंच नाही आणि फेरफार पडला नाही. सातबारावर जुन्याच मालकाचं नाव राहतं, मग वारस लागतात, मग विक्री होते, आणि बुडित क्षेत्रातला तुकडा प्लॉट म्हणून बाजारात येतो. तुमच्या पश्चिमेच्या दोन गटांत हेच झालं नाही ना, ते आधी बघा. निवाड्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत किंवा अभिलेख कक्षात निघते. निवाड्यातले जुने सर्व्हे नंबर आणि आजचे गट नंबर यांचा मेळ एकत्रीकरणाच्या (जुने तुकडे जोडून गट पाडण्याच्या) गटबुकावरून घालावा लागतो. क्षेत्र संपादित निघालं, तर तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागानं कमी-जास्त पत्रकासाठी भूमी अभिलेखकडे प्रस्ताव द्यायचा. तुमचा ठराव त्याला जोडा.

ताबा कुणाचा, तर ढोबळ मानानं १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० पर्यंत मृद व जलसंधारण, त्याहून मोठी जलसंपदाकडे. एवढा लहान पाझर तलाव बहुतेक जिल्हा परिषदेचा निघेल.

कुणी 'आमच्याकडे नाही' म्हटलं तर वाद घालू नका, माहिती अधिकारात विचारा. कलम ६(३) प्रमाणे त्यांना तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावाच लागतो. तलाव कुणाचा हे त्या हस्तांतरणाच्या पत्रावरूनच कळतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. मान्यता, निवाडा आणि मोजणी एका अर्जात कोंबली की तो अडकतो. तीन वेगळे अर्ज करा.

लेव्हल_आणि_स्टाफ

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त हद्दीचं सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं तिथंच ढिली पडतात.

ॲटलासचा नकाशा दाखवून 'ही हद्द' म्हणू नका. त्याचं प्रमाण १:५०,००० आहे. सव्वादोन हेक्टर म्हणजे १५० मीटर बाजूचा चौकोन, त्या कागदावर तो ३ मिलिमीटरचा दिसतो. मूळ प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटरचा. तलाव आहे हे सिद्ध करायला ॲटलास उत्तम, भराव पाच मीटर आत आला हे सिद्ध करायला निरुपयोगी.

जमिनीवरची रेषा सांडव्यावरून काढा. सांडव्याचा माथा म्हणजे पूर्ण संचय पातळी, तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) सांडव्याजवळ लावून माथ्यावर स्टाफ (खुणांची उभी पट्टी) धरायचा, ते वाचन नोंदवायचं, मग काठानं फिरत तेच वाचन जिथं जिथं मिळेल तिथं खुंटी. दर २० मीटरला एक खुंटी पुरे, ओढ्याच्या तोंडाशी आणि भरावाजवळ दर पाच मीटरला. प्रत्येक खुंटीचे अक्षांश-रेखांश घ्या. लेव्हल हलवली की मागचं वाचन परत तपासा, आणि शेवटी सांडव्यावर येऊन फेरा बंद करा. फेऱ्यात फरक राहिला तर समोरचा वकील तोच धरून बसतो. सांडवा फोडलेला किंवा पुढून उंचावलेला नाही ना, हे आधी मूळ नकाशाशी ताडून बघा. पाणी लवकर उतरावं म्हणून सांडव्याचा माथा छिन्नीनं खाली घेण्याचे प्रकार होतात, मग सगळी रेषाच आत सरकते.

५० मीटरची अट वेगळी. २०१७ च्या नियम ४ मध्ये कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे ती नियम लागू झाल्याच्या आधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत. सूट फक्त बोटीच्या धक्क्याला. ती दहा वर्षं म्हणजे २००७ ते २०१७. आपल्याकडे त्यात २०१२-१३ आणि २०१५-१६ सारखी कोरडी वर्षं येतात, त्यामुळे सरासरी खाली उतरते. बांधणारे ही सरासरी पुढं करतील. पण लहान तलावांच्या पातळीच्या नोंदी सहसा कुणी ठेवलेल्याच नसतात. नोंदीशिवाय सरासरी मांडली असेल तर ती कशावरून काढली, हे लेखी मागा आणि पूर्ण संचय पातळीची रेषा समोर ठेवा.

पाथवेचं म्हणाल, तर सिमेंटचा पाथवे आणि भिंत दोन्ही त्या ५० मीटरच्या आत येतात, म्हणून प्रस्तावच बदलून घ्या. भिंतीनं दुसरंही नुकसान होतं. पावसाचं पाणी काठानं पसरून आत येतं ते अडतं, ओढ्याच्या तोंडाशीच सगळा जोर येतो आणि गाळ एका ठिकाणी साठतो. ५० मीटरच्या पट्ट्याबाहेर मुरूम दाबून केलेली पायवाट आणि कडेनं करंज, जांभूळ अशी झाडं हे कमी पैशात होतं, आणि तांत्रिक मान्यतेतही बसतं.

नान्नज_माळ

गाळाबद्दल थोडं लिहिते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ नेता येतो, वाळू उपसायला मात्र पूर्ण बंदी आहे. मुरूम निघायला लागला की काम थांबवायचं. मुरूम हा गौण खनिज आहे, त्याला वेगळी परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना उपसा झाला तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहन जप्त होतं ते वेगळं.

किती गाळ लागेल याचा हिशोब आधी करा. एका एकरावर १० सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ४०० घनमीटर, म्हणजे १४० ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास. तीन ब्रासच्या टिपरनं ४७ खेपा. मागणी अर्ज एकरांत येतात आणि काढलेला गाळ घनमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे रोजची नोंदवही दोन्हीत ठेवा.

गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका. आधीच भारी काळी जमीन असेल तर निचरा आणखी बिघडतो. टाकण्याआधी तलावात चार-पाच ठिकाणचे नमुने घेऊन क्षारता आणि सामू तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात तळावर पांढरा खार फुललेला दिसतो, तिथला गाळ उचलू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, बांधाच्या आतल्या पायथ्याशी खणू देऊ नका. तिथं वर्षानुवर्षं बसलेला बारीक गाळ पाण्याला अडवणाऱ्या थराचं काम करतो. तो खरवडला की पुढच्या पावसात बांधाखालून पाणी झिरपायला लागतं, माती वाहून पोकळी होते आणि बांध खचतो. कुठवर खणायचं त्याच्या चुन्याच्या खुणा विभागाच्या अभियंत्याकडून करून घ्या, आणि खोलीही लेखी घ्या. जेसीबीवाल्याला खड्डा खोल केला की खेप लवकर भरते, तेव्हा देखरेखीला माणूस हवाच.

पक्ष्यांचंही बघा. हिवाळ्यात अशा तलावांवर पट्टकदंब उतरतात, मार्चपासून टिटव्या उघड्या तळावर अंडी घालतात. सगळा तळ एका दमात खरवडण्यापेक्षा निम्मा यंदा, निम्मा पुढच्या वर्षी. ओढ्याच्या तोंडाशी असलेलं पाणकणसाचं बेट ठेवा, येणारा गाळ तेच गाळून घेतं. आणि हा तलाव माळढोक अभयारण्याच्या हद्दीत येत नाही ना, ते गटवार तपासा. तिथं २०१७ चे पाणथळ नियम लागू होत नाहीत, वन्यजीव कायदा लागतो आणि परवानगी वनविभागाची.

दक्षिण_तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी राहिल्या. एक, पाणथळ म्हणून नोंद झाली तर गाळपेर (पाणी ओसरल्यावर तळात घेतलं जाणारं पीक) आणि मासेमारी बंद होईल या भीतीनं ग्रामसभेत लोक विरोध करतात. दोन, कागद जमेपर्यंत भराव रोज वाढतोय.

सातबारा_वाचक

पहिल्याचं उत्तर नियमातच आहे. अधिसूचनेसाठी जो संक्षिप्त दस्तऐवज करतात, त्यात हद्दीचा अक्षांश-रेखांशासह नकाशा, प्रभावक्षेत्र (जिथल्या कामांचा तलावावर परिणाम होतो तो भाग) आणि जैविक वर्णन यांच्याबरोबर आधीपासूनचे हक्क आणि सवलती लिहाव्या लागतात. तिथं कोणती कामं चालतील, कोणती नियंत्रित, कोणती बंद, याची त्या जागेपुरती यादीही द्यावी लागते. गाळपेर कुणाची, किती क्षेत्रावर, एकसाली पट्टा कुणी दिला, मासेमारीचा ठेका कुणाकडे, हे आत्ताच ग्रामसभेच्या ठरावात नोंदवा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकनोंदवहीतही (स्थानिक जैवविविधतेची नोंदवही) घाला. हक्क कागदावर नसले की मगच ते बुडतात. मसुदा निघाल्यावर हरकतींना ६० दिवस मिळतात, आणि प्राधिकरणाच्या शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना काढायची असते.

भरावासाठी कागदांची वाट बघत बसू नका. एकच अर्ज लिहा: मूळ तहसीलदारांना, प्रती प्रांताधिकारी, जिल्हा परिषदेचा जलसंधारण विभाग, भूमी अभिलेख, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा पाणथळ समितीला. मागणीही एकच, एका दिवशी सगळ्यांची संयुक्त पाहणी आणि एकाच पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे अहवाल झाले की एकात 'तलावात भराव', दुसऱ्यात 'खासगी गटात सपाटीकरण' असं येतं, आणि प्रकरण तिथंच मरतं. पंचनाम्यात भरावाची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये, खुंटीपासूनचं अंतर, साहित्य काय (विटांचे तुकडे, काँक्रीट, प्लास्टर) आणि वाहनांचे नंबर हवेत. नुसतं 'मोठ्या प्रमाणावर भराव आढळला' असं लिहून घेऊ नका.

थांबवण्याचे अधिकार तीन हातांत आहेत. जमीन सरकारी किंवा संपादित निघाली तर महसूल संहितेचं कलम ५०, अतिक्रमण काढण्याचं. खासगी असली तरी ओढ्याचं पाणी अडून उपद्रव होत असेल तर प्रांताधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सशर्त आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १३३. आणि पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग असेल तर एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत शास्ती आहे, ती अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढं चालते.

हरित न्यायाधिकरणाचं पुणे खंडपीठ शेवटचा पर्याय म्हणून ठेवा, पण मुदत आजपासून मोजा. कलम १४ खाली वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने, त्यापुढे सबळ कारण असेल तरच साठ दिवस. पहिल्या तक्रारीची पोचपावती तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवा.

लेव्हल_आणि_स्टाफ

एक जोडतो. संयुक्त पाहणीच्या आदल्या दिवशी खुंट्या ठोकून त्यांच्या डोक्याला लाल रंग द्या आणि तारखेसह फोटो काढा. पाहणीला भूमी अभिलेखचा मोजणीदार येईलच असं नाही, पण रेषा डोळ्यांसमोर असली की पंचनाम्यात 'खुंटी क्रमांक १४ पासून आत ६ मीटर' असं लिहिता येतं. खुंट्या मात्र लोखंडी सळईच्या घ्या. बाभळीच्या ठोकल्या की आठवड्यात चुलीत जातात.