महिनाअखेरीस जेवण सोडणारी मुलं: कॉलेजनं काय करावं? (सांगली)

एनएसएस_सांगली: जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची बरीच मुलं इथं खोली घेऊन राहतात. शेवटच्या आठवड्यात काहीजण एकवेळच जेवतात. रविवारी रात्री मेस बंद, मग वडापाववर भागवतात. कॉलेजातच स्वयंपाकघर काढावं म्हणतोय. रोज 40 ताटं धरली तर काय लागेल?

खाणावळ_मिरज: स्वयंपाकघराच्या नादी लागू नका. आचाऱ्याचा पगार बारमाही, ताटं मात्र सुट्टीत शून्य. त्यापेक्षा चालू मेसची एकेका जेवणाची सुटी कुपनं घ्या. पैसे आगाऊ दिले तर दर उतरतो. आणि खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, बघा. आधी न कळवता गावी गेलेल्याचा खाडा वजा होत नाही, म्हणजे त्या ताटाचे पैसे मालकाला मिळालेलेच असतात. तो आज जेवायला नाही असा निरोप साडेअकरापर्यंत आला तर तेच ताट तुमच्या कुपनावर वाढायचं, एवढं मालकाशी आधी ठरवून घ्या.
कुपन सगळ्यांसारखंच हवं, तोच रंग, तोच शिक्का. वेगळं दिसलं की पोरं दारातूनच परत फिरतात.

सातारा_वसतिगृह: रविवारपुरती खिचडी करा. 40 जणांना साडेतीन किलो तांदूळ, पावणेदोन किलो मूगडाळ. गरम पातेल्यावर झाकण घट्ट लावून ठेवली की उन्हाळ्यात आंबते, म्हणून शिजल्यावर दोन तासांत वाढून मोकळं व्हा. उरलेली सकाळी देऊ नका.
खोलीवर गॅस नसेल तर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्या. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. पावसाळ्यात दाणे हवाबंद डब्यात ठेवा. कुबट, कडू, सुरकुतलेले निवडून टाका; बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

एनएसएस_सांगली: कुपन कुणाला द्यायचं? उत्पन्नाचा दाखला मागावा का?

खाणावळ_मिरज: दाखला मागितलात की गरजवंतच येणार नाही. ग्रंथालयात ठेवा, मागेल त्याला महिन्याला पाच, नाव विचारायचं नाही.

शिष्यवृत्ती_टेबल: त्यापुढं ज्याला लागतील त्याला माझ्यासारख्या शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याकडं पाठवा. पुष्कळदा महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती मंजूर असते, पण आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडं जातात. पोरगा मात्र कॉलेजच्या अर्जावर लिहिलेल्या खात्याचं पासबुक भरून घेत बसतो. कोणत्या बँकेशी जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलच्या ओटीपीनं दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म भरायचा. नुसतं केवायसी केलं म्हणजे ते झालं असं नाही.