मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून आमच्या सामुदायिक रेडिओचा आवाज पोचत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान तालुक्याच्या गावी आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सकाळी ६ ते १० आणि सांजच्याला ५ ते ९ असं प्रक्षेपण असतं. मी कार्यक्रम करते, यंत्राचं शिक्षण नाही, म्हणून जमेल तेवढं नीट सांगते.

ट्रान्समीटर ५० वॅटचा आहे, मनोरा ३० मीटरचा. एरवी दहाएक किलोमीटरपर्यंत स्वच्छ ऐकू यायचं. आषाढात शेजारच्या कडुलिंबावर वीज पडली आणि तेव्हापासून नाल्यापलीकडची चार गावं आणि तांडा तुटल्यासारखा झाला. तिथल्या एका आजीचा रेडिओ चुलीमागच्या फळीवर असतो, भाकरी थापताना ऐकते. परवा तिचा फोन आला, "काहून वं माय, तुमचा रेडिओ नुसता खरखर करते?" काय सांगावं ते सुचेना.

ट्रान्समीटरच्या पडद्यावर आधी फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी शक्ती) ५० आणि रिफ्लेक्टेड (तिथून परत येणारी) अर्ध्या वॅटच्या आत दिसायचं. आता फॉरवर्ड २२, रिफ्लेक्टेड ४. वहीत रोज आकडे लिहिते, त्यात एक गोष्ट दिसली: दोन दिवस ऊन पडलं की फॉरवर्ड ४० च्या वर जातं, झड लागली की पुन्हा खाली येतं. शिवाय आवाजाखाली सतत घुमघुम असते. मिक्सरला हेडफोन लावून ऐकलं तर ती नसते, रेडिओवर मात्र येते.

घाई यासाठी की फवारणीचे दिवस आहेत. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले. तेव्हापासून आम्ही या दिवसांत रोज सकाळी साडेसहाला दहा मिनिटं फक्त फवारणीवर बोलतो: वाऱ्याच्या दिशेनं फवारा, तोंडाला-हाताला काय बांधा, दोन औषधं मनानं मिसळू नका, मळमळलं तर औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा. वावरात निघालेला सालदार हे कानानं ऐकतो, त्याला पत्रक वाचायला वेळ नसतो. आमच्याकडे पराटी आता कमरेला लागली आहे, आणि नेमक्या याच वेळी ती चार गावं ऐकू शकत नाहीत.

ज्यांच्याकडून यंत्र घेतलं ते पंधरा दिवसांनी माणूस पाठवतो म्हणतात. गावातले पोट्टे म्हणतात, मोठा ट्रान्समीटर आणा. ते करता येत नाही. परवान्यात अँटेनातून निघणारी प्रभावी शक्ती १०० वॅटपर्यंतच चालते आणि आमच्या अँटेनानं ती आधीच गाठली आहे.

माझे प्रश्न: हे ट्रान्समीटरचं दुखणं आहे की अँटेनाचं? माणूस येईस्तोवर चालू ठेवलं तर यंत्र जळेल का? आणि घुमघुम कुठून येते?

प्रतिसाद

ताई, तुमच्या वहीनं अर्धं काम केलंय. उन्हात सुधारतं आणि पावसात बिघडतं म्हणजे केबलच्या जोडात नाहीतर अँटेनात पाणी शिरलंय. परत येणारी शक्ती वाढली की ट्रान्समीटर जीव वाचवायला स्वतःच ताकद कमी करतो, म्हणून २२. तोवर हातानं २० वर ठेवून चालवा. अँटेना काढलेली असताना मात्र चुकूनही सुरू करू नका.

खात्री करायची तर ट्रान्समीटरला अँटेनाच्या केबलऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा खोटा भार) लावा. रिफ्लेक्टेड शून्याजवळ आलं आणि फॉरवर्ड पुन्हा ५० पर्यंत चढलं तर ट्रान्समीटर ठणठणीत आहे. मग वरचा जोड उघडा. आतली तांब्याची जाळी काळी-हिरवी दिसली तर तो तुकडा वाळवत बसू नका, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. नव्या जोडावर एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा, साधी काळी टेप आमच्याकडे एका पावसात सुटली होती. केबल खोलीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथूनच टपकेल.

घुमघुम बहुतेक अर्थिंगची. मनोऱ्याचं आणि स्टुडिओचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर ते जोडून घ्या. तरी राहिली तर मिक्सर आणि ट्रान्समीटरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारेचा थेट संबंध तोडून आवाज तेवढा पुढे नेणारा) लावा. मनोऱ्यावर चढायला पट्टा बांधणारा जाणता माणूसच हवा, आणि आभाळ भरलेलं असताना कोणालाच चढवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

फार आभारी आहे. आज सकाळी पाहिलं, दोन्ही अर्थिंग खरंच वेगवेगळी निघाली, वायरमनदादा उद्या येतात. ताकद २० वर आणली. मोबाईल टॉवरवर काम करणारा गावातला एक मुलगा पट्टा घेऊन चढायला तयार आहे, उघाड मिळाली की चढेल. फक्त डमी लोड इथे मिळत नाही. यवतमाळ, अमरावती किंवा नागपुरात कोणाकडे आठ दिवसांसाठी मिळेल का? मी एसटीनं येऊन घेऊन जाईन आणि स्वतःच परत आणून देईन.